आयलेटच्या पडद्यावरचे गंजाचे डाग

बडोद्यात पावसाळ्यातली दमट हवा लागली की आयलेटच्या, म्हणजे पडद्याच्या वरच्या भोकांत बसवलेल्या धातूच्या कड्यांभोवती तपकिरी वर्तुळं उमटतात. दांडिया बाजारातल्या जुन्या घरांत, जिथे खिडकीला ऊन कमी, तिथे जास्तच. हा मळ नाही. कडीचा मुलामा उडून आतलं लोखंड गंजलेलं असतं.

पहिली चूक ब्लीचची. क्लोरीनचं ब्लीच गंज काढत नाही, उलट डाग पक्का करतं. आम्लच लागतं. एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे लिंबूफूल (सायट्रिक अ‍ॅसिड) विरघळवा. आधी आतल्या शिवणीवर रंग जातो का पाहा. मग फक्त डागाचा भाग अर्धा तास बुडवा, मऊ ब्रशने चोळा, भरपूर पाण्यात खळबळा. जुना डाग दोनदा करावा लागतो. रेशमी पडद्याला हा उपाय नको.

कडी तशीच ठेवली तर महिन्याभरात डाग परत. दोन भागांत दाबून बसणाऱ्या प्लास्टिकच्या कड्या मिळतात. जुन्या भोकाचा आतला व्यास मोजूनच घ्या, नाहीतर कापड निसटतं. एखादीच कडी गंजली असेल तर घासून, कोरडी करून पारदर्शक नेलपॉलिशचे दोन हात पुरतात, अर्थात तात्पुरते.

मशीनमध्ये घालताना कड्यांचं टोक उशीच्या अभ्र्यात बांधा. वाळवताना कड्या वरच हव्यात, म्हणजे पाणी खाली निथळतं, त्यांच्यापाशी साचत नाही. ब्लॅकआउट (उजेड अडवणारे) पडदे पिळू नका. मागचा थर तडकतो.