मे महिन्यात दाताच्या कॅपवर पोर्सिलेन लावताना
जळगावात पारा ४४ ला टेकला की ब्रश फिरेपर्यंत पोर्सिलेन पावडरचा ओला थर सुकतो. त्यामुळे टेबलावरचा पंखा बंद. घाम येऊ द्या!

समोरच्या दाताचं डेंटिन (दाताच्या आतल्या भागासाठीची पावडर) आधी पूर्ण आकारात उभारा, मग टोकाकडचा तिसरा हिस्सा कापून तीन कंगोरे काढा. सात-आठ वर्षांच्या पोराचा नुकता आलेला दात बघा, तसेच. पण एकसारखे नकोत, नाहीतर कंगवा दिसतो. मधल्या फटींत पारदर्शक पावडर, वरून इनॅमल (बाहेरच्या थराची पावडर). भट्टीत आकसतं, म्हणून आकार १५-२० टक्के मोठा.

थर सुकलाच तर वरून थेंब टाकू नका, आत हवा अडकते. कडेला ओला ब्रश नुसता टेकवून धरा, पाणी आपोआप चढतं आणि पांढुरकेपणा जातो.