मॅडिसनचा तीन-पंचमांश: आधी गणित, मग युक्तिवाद

अमेरिकेच्या नव्या राज्यघटनेनुसार प्रतिनिधिगृहातल्या जागा आणि प्रत्यक्ष कर राज्यांत वाटताना गुलामांच्या संख्येचा तीन-पंचमांशच धरायचा होता. या नियमाच्या बाजूने जेम्स मॅडिसनने फेब्रुवारी १७८८ मध्ये ‘पब्लियस’ या टोपणनावाने लिहिलेला लेख, फेडरलिस्ट क्रमांक ५४, थेट वाचायला घेतला, तर नुसता शब्दांचा कीस वाटतो. म्हणून आधी कागद-पेन्सिल घ्या.

१७९० च्या जनगणनेत व्हर्जिनियाची लोकसंख्या ७,४७,६१०, पैकी गुलाम २,९२,६२७. गुलाम वजा केले की उरतात ४,५४,९८३. गुलामांचे तीन-पंचमांश १,७५,५७६. ते यात मिळवा, ६,३०,५५९ होतात. १७९२ च्या कायद्याने ३३,००० मागे प्रतिनिधिगृहाची एक जागा दिली. भागाकार १९.१, जागा १९. अपूर्णांक सोडून द्यायचा, १९.९ आला तरी १९च. कृष्णवर्णीय सरसकट तीन-पंचमांश धरू नका. जे स्वतंत्र होते ते पूर्ण मोजले जात.

आता पेनसिल्व्हेनिया: ४,३४,३७३, गुलाम फक्त ३,७३७. जागा १३.

हेच गणित गुलाम शून्य धरून करा. पेनसिल्व्हेनिया १३ वरच राहते, व्हर्जिनियाही १३ वर येते. गुलाम पूर्ण मोजले तर व्हर्जिनिया २२. ‘गुलामाला माणूस म्हणून कमी मोजलं’ ही नेहमीची तक्रार इथेच उलटी पडते: पूर्ण मोजा म्हणणारे गुलाम बाळगणाऱ्या दक्षिणेकडच्या राज्यांतले होते, आणि गुलामाला मत तर नव्हतंच. १३ वरून १९ करणाऱ्या सहा जागा मालकांच्या.

मग लेख उघडा आणि अवतरणचिन्हं कुठे सुरू होतात तिथे खूण करा. मुख्य युक्तिवाद मॅडिसन, जो स्वतः गुलामांचा मालक होता, दक्षिणेकडच्या राज्यातल्या एका माणसाच्या तोंडी घालतो: गुलाम विकला जातो म्हणून मालमत्ता, पण गुन्ह्याची शिक्षा त्यालाच होते म्हणून माणूस. शेवटी हे काहीसं ओढूनताणून वाटेल असं कबूल करून मॅडिसन ते मान्य करतो. करांचाही हाच हिशेब, त्यामुळे फुगवून आकडे देण्याला आळा बसेल, हा त्याचा दुसरा आधार. तो लंगडा ठरला. पहिला प्रत्यक्ष संघीय कर १७९८ पर्यंत लागलाच नाही.

शेजारी राज्यघटना तयार करणाऱ्या १७८७ च्या अधिवेशनाची त्याचीच टिपणं ठेवा. २५ ऑगस्टला तो म्हणतो, माणसं मालमत्ता असू शकतात ही कल्पना राज्यघटनेत येणं चूक. १९ जुलैची नोंद अधिक बोलकी आहे: राष्ट्राध्यक्ष थेट मतदानाने निवडला तर गुलामांमुळे दक्षिणेला काहीच वजन मिळणार नाही, निर्वाचकांची (राष्ट्राध्यक्ष निवडायला प्रत्येक राज्याने नेमलेल्या मतदारांची) पद्धत ती अडचण टाळते. राज्याचे निर्वाचक म्हणजे प्रतिनिधिगृहातल्या त्याच्या जागा अधिक दोन सिनेटर, इतके. व्हर्जिनियाचे २१, गुलाम वगळले असते तर १५.