कॉल फॉरवर्ड फोनवर नको, पीबीएक्सवर लावा
ऑफिसातले आयपी फोन (नेटवर्कच्या केबलवर चालणारे) मी सांभाळते, म्हणून आग्रहाने सांगते: कॉल फॉरवर्ड फोनच्या बटणावरून लावू नका. तिथे लावलं तर आलेल्या कॉलला ‘३०२’ (कॉल दुसरीकडे वळवा, या अर्थाचा कोड) असं उत्तर देऊन नवा नंबर कळवायचं काम फोनच करतो. केबल निघाली की कळवणार कोण?

पीबीएक्सच्या, म्हणजे ऑफिसातले कॉल जोडणाऱ्या यंत्रणेच्या, वेब पॅनेलमध्ये आपलं एक्स्टेन्शन (आपल्या फोनचा आतला नंबर) उघडा. ‘ऑलवेज’ रिकामं ठेवा, नाहीतर टेबलावरचा फोन वाजायचाच नाही. ‘बिझी’ आणि ‘नो आन्सर’मध्ये आपला मोबाइल नंबर भरा. ‘नॉट रीचेबल’ वेगळं असेल तर तेही, केबल निघाल्यावर तेच कामी येतं. ‘नो आन्सर’ला मी २० सेकंद ठेवते, ताटकळणाऱ्याचा जीव मेटाकुटीला येऊ नये. मोबाइल नंबरआधी बाहेरच्या लाइनचा आकडा लागत असेल तर तो टाका. सेव्ह करा, केबल काढा आणि दुसऱ्या फोनवरून कॉल करून बघाच.