दारू सोडायचीय, पण मिटिंग शोधायची कुठे?

दादाची दारू सुटावी म्हणून आम्ही काय काय केलं ते सांगत बसलो तर रात्र पुरायची नाही. आळंदीला नेऊन माळ घातली, आईच्या डोक्यावर हात ठेवून शपथ झाली, पंधरा दिवस बरे जायचे आणि परत तेच. शेवटी उपयोगी पडला तो दारू सोडू पाहणाऱ्यांचा ग्रुप, जे मिटिंगला जमून एकमेकांशी बोलतात, पण तो शोधण्यातच आमचे दोन महिने गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून लिहितोय.

ग्रुप शोधायच्या आधी डॉक्टर. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने एकदम बंद केली की हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते, पण काहींना फिट येते, दोन-तीन दिवसांनी भास व्हायला लागतात आणि ते जिवावर बेतू शकतं, म्हणून घरच्या घरी "आजपासून बंद" नको, आधी सरकारी हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात दाखवा. आणि ती भिंतीवर जाहिरात असते ना, "रुग्णाच्या नकळत दारू सोडवा", ती पावडर भाजीत मिसळायच्या फंदात पडू नका. त्यात काय घातलंय कुणाला ठाऊक, आणि वर तो प्यायला तर काय होईल सांगता येत नाही.

आता शोध. सगळ्यात जास्त पसरलेला ग्रुप म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, सगळे नुसतं एए म्हणतात. १९३५ साली अमेरिकेत एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघंही पक्के पिणारे, एकमेकांशी बोलून सावरले, तिथून हे सुरू झालं. फी नाही, अट एकच, दारू सोडायची इच्छा हवी. नेटवर "एए इंडिया" आणि तुमच्या गावाचं नाव टाका. नाही सापडलं तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे, पैसे लागत नाहीत. टेलिमानस, म्हणजे मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, तिच्या १४४१६ वर मराठीतही बोलता येतं. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे, अनिल आणि डॉ. सुनंदा अवचटांनी सुरू केलेलं, वांद्रे-वसईकडच्यांना कृपा फाउंडेशन माहीत असेल. अशा केंद्रात फोन करून "आमच्या भागात फॉलोअप मिटिंग कुठे होते" एवढं विचारा, त्यांच्याकडे माहिती असते.

पत्ता मिळाला की लगेच निघू नका, आधी फोन करा. आम्ही एका शाळेपाशी जाऊन उभे राहिलो तर कुलूप, वॉचमनला काही पत्ता नाही, ग्रुपने कधीच जागा बदललेली. दादा म्हणाला बघ, मी आलो होतो, आणि तिथून सरळ बारमध्ये. त्यामुळे वार, वेळ, कुठलं गेट, मराठीत बोलतात की हिंदीत, सगळं विचारून घ्या. मुंबई-गोव्यात बऱ्याच मिटिंग चर्चच्या खोलीत भरतात, ते बघून बिचकू नका, जागा फक्त वापरायला घेतलेली असते, एए कुठल्याच धर्माशी बांधलेलं नाही.

आणखी एक विचारा, ओपन की क्लोज्ड? क्लोज्डमध्ये फक्त ज्यांना स्वतःची दारू सोडायचीय ते, ओपनला घरचेही चालतात. त्या फजितीनंतर दादा ऐकेचना. "मी काय बेवडा आहे का? श्रावण पाळतो मी." (गटारीला किती झाली आणि श्रावण संपल्याच्या दिवशी किती, ते विचारायचं नाही.) मग मी एकटाच ओपन मिटिंगला गेलो. माझ्या मते सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट हीच. तिथे एक काका स्वतःचं सांगत होते, क्वार्टर फ्लशच्या टाकीत लपवायचे. घरी येऊन मी उपदेश केला नाही, नाव-गाव न सांगता एवढंच सांगितलं. दादा जरा वेळ गप्प, मग म्हणाला, टाकीत मावते? पुढच्या आठवड्यात आला.

पहिल्या दिवशी काही बोलावं लागत नाही. नुसतं पहिलं नाव सांगितलं तरी पुरे, तेही नको तर नको. लोक आपापलं शेअरिंग करतात, मधे कुणी सल्ला देत नाही, शेवटी डबा फिरतो त्यात ऐच्छिक काय ते टाका. एका मिटिंगवरून मत बनवू नका, प्रत्येक ग्रुपचा स्वभाव वेगळा, तीन-चार ठिकाणी बसून बघा. जवळ काहीच नसेल तर ऑनलाइन मिटिंग होतात, पण समोरासमोर बसण्याची मजा वेगळी असं दादाच म्हणतो. मधे घसरलं, ज्याला तिथे स्लिप म्हणतात, तरी परत जाता येतं, कुणी हाकलत नाही.

घरच्यांसाठी अल-अनॉन नावाचा वेगळा ग्रुप असतो. तो सोडो न सोडो, तुम्ही जा. वहिनी दादाच्या आधीपासून जातेय.

आणि नंबर घ्या. निदान तीन जणांचे, कारण तलफ मिटिंगची वेळ बघून येत नाही. दादाने ते मोबाईलमध्ये प्लंबर १, प्लंबर २, प्लंबर ३ असे सेव्ह केलेत. यंदा गटारीच्या आदल्या रात्री तो गच्चीवर प्लंबर २ शी पाऊण तास बोलत होता.