सशर्त संभाव्यता शिकवताना या चुका टाळा

सशर्त संभाव्यता म्हणजे एक घटना घडल्याचं कळल्यावर दुसरी घडण्याची संभाव्यता. इंदूरच्या हिंदी माध्यमाच्या मुलांना बारावीच्या पुस्तकात ही 'सप्रतिबंध प्रायिकता' म्हणून भेटते. सूत्र पाठ होतं, पण भागायचं कितीने हे चुकतं. म्हणून सूत्र नंतर, आधी तक्ता.

नाश्त्याच्या दुकानात सकाळी 100 गिऱ्हाइकं आली असं धरा. 60 जणांनी पोहे घेतले, 40 जणांनी जिलेबी, 30 जणांनी दोन्ही. चारही रकाने मुलांकडूनच भरून घ्या: दोन्ही 30, फक्त पोहे 30, फक्त जिलेबी 10, आणि नुसता चहा पिऊन गेलेले 30. आता विचारा, पोहे घेणाऱ्यांपैकी जिलेबी किती जणांनी घेतली? 30/100 हे उत्तर हमखास येतं. ती दोन्ही घेण्याची संभाव्यता झाली. पोह्यांची ओळ सोडून बाकी तक्ता वहीने झाका. समोर 60च माणसं उरतात, म्हणून 30/60 = 0.5. उलट जिलेबीवाल्यांपैकी पोहे घेणारे 30/40 = 0.75. हे दोन प्रश्न एकच समजणं ही सगळ्यात चिवट चूक. दोन्ही उत्तरं फळ्यावर शेजारी-शेजारी राहू द्या.

स्वतंत्र घटना, म्हणजे एक घडल्याचं कळल्याने दुसरीची संभाव्यता न बदलणाऱ्या घटनाही याच तक्त्यावर दाखवा. सगळ्या गिऱ्हाइकांत जिलेबीवाले 0.4, पोहेवाल्यांत 0.5, म्हणजे घटना स्वतंत्र नाहीत. 60 आणि 40 तसेच ठेवून 'दोन्ही'मध्ये 30 ऐवजी 24 लिहा: 24/60 = 0.4. पोहे घेतल्याचं कळूनही जिलेबीचा अंदाज हलला नाही, म्हणून स्वतंत्र. मग तिथेच 0 लिहा. 'दोन्ही घेणारं कुणीच नाही, म्हणजे स्वतंत्र' असं बरीच मुलं म्हणतात. खरं तर पोहे घेतल्याचं कळताच जिलेबीची शक्यता 0.4 वरून थेट 0 होते. शून्याहून अधिक संभाव्यता असलेल्या परस्पर अपवर्जी (एकत्र न घडू शकणाऱ्या) घटना कधीच स्वतंत्र नसतात.

वर्गातल्या 40 मुलांची खरी पाहणी केलीत तर आकडे तंतोतंत जुळणार नाहीत. 0.38 आणि 0.4 एवढ्या फरकावरून निष्कर्ष काढू देऊ नका.

गुणाकाराची घाईही नडते. एकाच सिटी बसने येणाऱ्या दोन मैत्रिणींना उशीर होण्याची संभाव्यता प्रत्येकी 0.1 असली, तरी दोघींना उशीर होण्याची 0.01 धरता येत नाही. बस अडकली की दोघी अडकतात, म्हणजे या घटना स्वतंत्र नाहीत.

डब्यात 5 बटाट्याच्या आणि 3 मुगाच्या कचोऱ्या आहेत. न बघता दोन काढल्या, तर दोन्ही बटाट्याच्या निघण्याची संभाव्यता 5/8 × 4/7 = 5/14. 5/8 दोनदा गुणणाऱ्या मुलाला विचारा, पहिली कचोरी डब्यात परत ठेवलीस का?