टेम्परेचर मॉनिटरचं फर्मवेअर ०% वर अडकलं, तर अँटीव्हायरसला हात लावण्याआधी हे बघा

इंदूरच्या दवा बाजारात औषधांच्या फ्रिजना लावलेले नेटवर्कवाले टेम्परेचर मॉनिटर मी सांभाळतो. आत इन्सुलिन असतं, ते २ ते ८ अंशांतच राहायला हवं. त्यांच्या आतला प्रोग्राम, म्हणजे फर्मवेअर, अपडेट करताना अडकलं की जो तो सांगतो, "अँटीव्हायरस बंद करून टाका." हा सल्ला मला मुळीच पटत नाही. अपडेट ज्या लॅपटॉपवरून करायचं, दुकानाचं बिलिंगही त्याच्यावरच असतं, आणि बंद करूनही बहुतेक वेळा काम होत नाहीच.

मॉनिटरच्या सेटिंगचा बॅकअप घ्या, मॉनिटर आणि लॅपटॉप दोन्हीची वीज यूपीएसवर ठेवा. फ्रिजमध्ये साधा थर्मामीटर ठेवा आणि दर पंधरा मिनिटांनी आकडा लिहायला एक माणूस बसवा.

फर्मवेअर कंपनीच्याच साइटवरून घ्या आणि विंडोजमधल्या सर्टयुटिल (certutil) या कमांडनं फाइलचा हॅश, म्हणजे तिची ओळख पटवणारा आकडा, काढून साइटवरच्या हॅशशी ताडून बघा. हॅश जुळूनही अँटीव्हायरसनं फाइल संशयित म्हणून क्वारंटाइनमध्ये, म्हणजे बंदिस्त जागेत, टाकली, तर सूट फक्त त्या एका फाइलला द्या, अख्ख्या डाउनलोड फोल्डरला नाही. जुळलाच नाही तर काम तिथेच थांबवा.

लॅपटॉपचं वाय-फाय बंद करा, मॉनिटरला थेट केबल जोडा, दोघांना एकाच रेंजमधले आयपी (नेटवर्कवरचे पत्ते) द्या.

आता खरी अडचण. मी लावतो त्या मॉनिटरमध्ये फर्मवेअर टीएफटीपीनं, म्हणजे नेटवर्कवरून फाइल पाठवायच्या एका साध्या पद्धतीनं, जातं. लॅपटॉप सर्व्हर होतो आणि मॉनिटर त्याच्याकडे यूडीपी पोर्ट ६९ वर फाइल मागतो. एकदा पट्टी ०% वरून हलेचना. दुकानदार काका शेजारी उभे होते. म्हणाले, "अरे, पिंग तर जातंय ना, मग अडलं कुठे?" मलाही तेच कळत नव्हतं. पिंग म्हणजे समोरचं यंत्र उत्तर देतं का ते बघायला मारलेली हाक. ती आपण मारतो, म्हणून तिचं उत्तर फायरवॉल, म्हणजे नेटवर्कवरून आत येणाऱ्याला तपासणारा पहारेकरी, आत येऊ देतो. इथे मात्र मॉनिटर आपणहून दार ठोठावत असतो, आणि अनोळखी म्हणून फायरवॉल त्याला बाहेरच ठेवतो. पिंगवर विसंबू नका.

मी फायरवॉलमध्ये परवानगीचा नियम केला, तरी पट्टी जागची हलली नाही. दोन तास गेले. शेवटी विंडोज फायरवॉलच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये इनबाउंड, म्हणजे आत येणाऱ्या जोडण्यांच्या, नियमांची यादी उघडली, तर टीएफटीपी प्रोग्रामच्या नावापुढे लाल खूण असलेले दोन नियम दिसले, डेटा पाठवायच्या दोन पद्धतींसाठी एकेक, एक टीसीपीचा, एक यूडीपीचा. प्रोग्राम पहिल्यांदा चालवला तेव्हा विंडोजनं परवानगी विचारली होती आणि मी घाईत कॅन्सल दाबलं होतं. कॅन्सल म्हणजे "नंतर बघू" नव्हे. विंडोज तिथल्या तिथे मनाईचा नियम लिहून ठेवतं, आणि मनाई व परवानगी समोरासमोर आली की मनाईच चालते. आधी ते लाल नियम काढा, मगच नवा करा.

नवा नियमही नीट करा. पोर्ट ६९ वर फक्त पहिली मागणी येते, पुढचा डेटा सर्व्हरच्या दुसऱ्याच पोर्टवरून जातो. म्हणून नियम पोर्टला नको, प्रोग्रामला लावा, आणि स्कोपमध्ये, म्हणजे नियम कुणासाठी त्या रकान्यात, फक्त मॉनिटरचा आयपी टाका. प्रोफाइल पब्लिक निवडा. थेट केबलवर गेटवे, म्हणजे बाहेरच्या नेटवर्कला जोडणारा राउटर, नसतो, त्यामुळे विंडोज त्या जोडणीला अनोळखी समजून पब्लिक धरतं. नुसता प्रायव्हेटचा नियम तिथे लागूच होत नाही.

अँटीव्हायरसचा स्वतःचा फायरवॉल असेल, तर हेच सगळं त्याच्या यादीत करावं लागतं. टास्कबारवरचं चिन्ह दाबून संरक्षण "बंद" केलं, तरी त्याचा नेटवर्क फिल्टर अनेकदा चालूच राहतो. बंद करूनही काम होत नाही ते यामुळे.

पट्टी एकदा पुढे सरकली की कशालाही हात लावू नका. मधेच थांबल्यासारखी वाटली तरी मॉनिटरची वीज काढू नका. अर्धवट लिहिलेलं फर्मवेअर घेऊन मॉनिटर पुन्हा सुरू होईलच असं नाही.

संपलं की नियम आणि सूट दोन्ही काढा, वाय-फाय चालू करा, मॉनिटर दुकानाच्या नेटवर्कवर परत जोडा. अपडेटनंतर काही मॉनिटर मूळ सेटिंगवर जातात, म्हणून २ आणि ८ च्या मर्यादा आणि घड्याळ तपासा. मग मॉनिटरचा तापमान मोजणारा प्रोब फ्रिजबाहेर काढून मुठीत धरा आणि दुकानदाराच्या फोनवर अलार्म वाजेपर्यंत सोडू नका.