बोअरचं पाणी, आजारी गोल्डफिश आणि अँटिबायोटिक

ज्या पाण्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही, त्या पाण्यात ऑक्सिटेट्रासायक्लिन हे अँटिबायोटिक ओतून काही होत नाही. आपल्या जळगाव-भुसावळकडे बऱ्याच बोअरचं पाणी असंच, बादलीला पांढरा थर धरणारं. त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम औषधाला धरून बसतं, माशाच्या अंगात ते फारसं जातच नाही. पहिल्या खेपेला मीही कॅप्सूल फोडून टाकीत ओतली होती. पाणी तपकिरी झालं आणि मासे तिसऱ्या दिवशी गेले. म्हणून औषध द्यायचं ते खाद्यातून.

त्याआधी रोग ओळखा. अंगावर रव्यासारखे पांढरे कण दिसले तर तो परजीवी, अँटिबायोटिक वाया. शेपटी झिजून कड लाल झाली, अंगावर लाल जखमा पडल्या, खवले उभे राहिले, तर जिवाणूंचा संशय घ्या. तोंडाशी कापूस दिसला की सगळे बुरशी म्हणतात, पण बऱ्याचदा तो कॉलम्नॅरिस असतो, म्हणजे जिवाणूच.

मे महिन्यात टाकीचं पाणी तापतं, त्यात ऑक्सिजन कमी राहतो आणि पाण्यात एरवीही असणारा एरोमोनास हा जिवाणू दमलेल्या माशाला गाठतो. तेव्हा एक तृतीयांश पाणी बदला, हवेचा पंप चालू ठेवा, उरलेलं खाद्य काढा. शेपटी नुसती झिजली असेल तर पुष्कळदा एवढ्यावरच भागतं.

नाहीच भागलं तर आजारी मासे वेगळ्या टबात हलवा. मुख्य टाकीत औषध गेलं तर फिल्टरमधले अमोनिया खाणारे जिवाणूही मरू शकतात. मग जनावरांच्या डॉक्टरांना गाठा. गोल्डफिश म्हटल्यावर आधी हसतील, म्हणून मोबाइलवर व्हिडिओ घेऊन जा. चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक घेऊ नका.

ऑक्सिटेट्रासायक्लिनचा रूढ डोस माशाच्या दर किलो वजनाला रोज 75 मिलिग्रॅम, 10 दिवस. पाण्याचं भांडं काट्यावर ठेवून आकडा शून्य करा आणि त्यात मासे सोडा, वजन कळतं. समजा पाच माशांचे 100 ग्रॅम भरले. रोज 7.5 मिलिग्रॅम, म्हणजे 10 दिवसांचं 75. पावडर 20 टक्क्यांची असेल तर ती 375 मिलिग्रॅम घ्यावी लागेल. एवढं बारीक माप स्वयंपाकघरातल्या काट्यावर कुठलं कळतंय? सोनाराकडून मोजून आणा. जळगावात सोनाराच्या काट्याची काय वाण!

रोजचं खाद्य वजनाच्या 2 टक्के, म्हणजे 10 दिवसांचं एकूण 20 ग्रॅम. त्यात पावडर कालवा, वरून शेंगदाण्याच्या तेलाचे चार-पाच थेंब चोळा. सावलीतच वाळवा, उजेडानं हे औषध बिघडतं. दहा पुड्या बांधून फ्रिजमध्ये ठेवा आणि रोज एकच पुडी द्या. चौथ्या दिवशी मासा तरतरीत झाला तरी पुड्या संपवायच्या. खाणं सोडलेल्या माशाला मात्र या पुड्यांचा उपयोग नाही, म्हणून उशीर करू नका.

हे सगळं शोभेच्या माशांपुरतं. शेततळ्यातल्या रोहू-कटल्याला हा हिशेब लावू नका. ते मासे कुणाच्या तरी ताटात जाणार असतात.